श्वास मोजलास का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावीनंतर सहा महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलास, दिंडोरीहून रोज एसटीने येतेस, कॉलेज रोडच्या पंचवीस खाटांच्या एका हॉस्पिटलात लागून तीन आठवडे झाले. बीपी घेताना आवाजच ऐकू येत नाही, पेशंटला कॉटवरून उठवताना हात कापतात, सिस्टर चिडतात. आणि एकदा डॉक्टरांनी "सलाईनमधून हे इंजेक्शन सोड" म्हटलं तेव्हा नाही म्हणता आलं नाही. तर पहिल्या काही महिन्यांत काय पक्कं करू?

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन नाशिकमध्ये चोवीस वर्षं झाली. वॉर्ड, मग आयसीयू, आणि आता नव्या मुलामुलींना पहिले तीन महिने हाताखाली घेण्याचं काम. इंजेक्शनचं शेवटी सांगते. आधी माझी एक चूक ऐक, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष. एका छोट्या हॉस्पिटलात नाईट ड्युटी, वॉर्डात सोळा पेशंट. पहाटे पाचला टीपीआर भरायचा, म्हणजे ताप, नाडी, श्वास. ताप मोजला, नाडी मोजली आणि श्वासाच्या रकान्यात वरून खालपर्यंत २०, २०, २० लिहीत गेले. संध्याकाळच्या सिस्टरनीही २०च लिहिले होते, त्यांच्या आधीच्यांनीही. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी सहा नंबरच्या आजींच्या छातीकडे नुसतं पाहिलं, घड्याळ हातात घेतलं आणि मिनिटभर गप्प उभे राहिले. छत्तीस. ताप ९९, नाडी ११०, आणि श्वास छत्तीस. न्यूमोनिया दोन्हीकडे पसरला होता. आजी आयसीयूत गेल्या, नऊ दिवसांनी घरीही गेल्या, पण माझ्यामुळे नाही. डॉक्टर मला ओरडले नाहीत. फक्त "श्वास मोजलास का?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हणाले. ते "हो" मला अजून टोचतं.

असिस्टंटचं काम म्हणजे पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ असणं. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, सिस्टर औषधांच्या वेळेला. मधल्या वेळात पेशंटला कोण बघतं? तू. तू लिहिलेल्या आकड्यावर कोणीतरी गोळी वाढवणार, सलाईन थांबवणार किंवा पेशंटला घरी सोडणार. त्यामुळे पाहिलंस तेच लिही. मोजलं नसेल तर रकाना मोकळा सोड आणि सांग की राहिलं. मोकळ्या रकान्याबद्दल बोलणी खावी लागतील, ती खा.

आता श्वास कसा मोजायचा. "काका, श्वास मोजते हं" असं सांगितलंस की काका लगेच योगासनाला बसल्यासारखे श्वास घ्यायला लागतात. म्हणून नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय. तुझी नजर मात्र छातीवर किंवा पोटावर. छाती वर गेली आणि खाली आली, हा एक. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस, एका श्वासाची चूक चारची होते. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. २४च्या वर गेले तर पुन्हा मोज आणि लगेच सिस्टरांना सांग. तिशीत असतील तर चालत नाही, पळत जा. लहान मुलांचे हिशेब वेगळे: दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील तर तो वेगाने चाललेला श्वास धरतात. बाळ रडत असताना मोजून उपयोग नाही, आईच्या मांडीवर शांत झालं की मोज. आकड्याबरोबर दिसलं तेही लिही. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमध्ये खड्डा पडतो का, वाक्य पूर्ण करता येतं का की दोन शब्दांनी थांबतात.

नाडी तीन बोटांनी. अंगठ्याने नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ठोका चुकतोय असं वाटलं तर पूर्ण मिनिट मोज आणि "अनियमित" असं लिही. ताप काखेत घेतलास तर काखेत असं लिही, कारण तो तोंडातल्यापेक्षा अंदाजे एक डिग्री फॅरनहाइट कमी येतो. काख आधी कोरडी पुस. म्हाताऱ्या माणसाला मोठा जंतुसंसर्ग असूनही ताप नसू शकतो. काल ओळखत होते, आज मुलालाच "कोण रे तू" विचारतात, असं झालं तर ते म्हातारपण समजून सोडून देऊ नकोस. तोही तापाच्या तोडीचाच निरोप आहे.

बीपी. तुला आवाज ऐकू येत नाही म्हणालीस, तर आधी स्टेथो बघ. कानात घालायची टोकं थोडी तिरकी असतात. ती पुढे, नाकाच्या बाजूला वळलेली हवीत. दहातल्या चार मुली ती उलटी घालतात आणि मग कान खराब आहेत की काय म्हणून घाबरतात. दुसरं, छातीला लावायचा गोल भाग फिरतो. एका बाजूचं भोक बंद असतं, एका बाजूचं उघडं. बोटाने हळूच टकटक करून बघ, ज्या बाजूने कानात आवाज येतो ती वापर. तिसरं, कोपराच्या घडीत आतल्या बाजूला बोटांनी आधी नाडी शोध आणि स्टेथो बरोबर तिथे ठेव, कुठेतरी मधोमध नाही. चौथं, टीव्ही आणि नातेवाईक. टीव्ही बंद करायला सांग. लाजू नकोस.

मग असं कर. कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, दंडाला बांध, खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. मनगटाची नाडी धर आणि हवा भर. नाडी लागायची बंद झाली तो आकडा लक्षात ठेव, समज १४०. हवा सोडून दे, मिनिटभर थांब. आता स्टेथो लावून १७० पर्यंत भर आणि हळूहळू सोड, काटा सेकंदाला दोन ते तीन मिलीमीटरनेच उतरायला हवा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके पूर्ण बंद झाले तो खालचा. या आवाजांना कोरोत्कोव साउंड म्हणतात. निकोलाय कोरोत्कोव नावाच्या रशियन सर्जनने १९०५ मध्ये ही ऐकायची पद्धत सांगितली आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी आपण तेच ऐकतोय. आधी नाडीने अंदाज घ्यायचं कारण असं की काही पेशंटमध्ये आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. अंदाज न घेता १४० पर्यंतच हवा भरलीस तर १८०चा पेशंट तुला १३०चा वाटेल.

हे झालं हाताचं. पण बीपी चुकतं ते बहुतेक वेळा त्याच्या आधीच. पेशंट जिना चढून आलाय, खाली टपरीवर चहा घेतलाय, बाईंनी मशेरी लावलीय, लघवी तुंबलीय आणि तू कफ बांधतेस. चहा, तंबाखू, धावपळ यांनंतर अर्धा तास जाऊ दे. लघवीला जाऊन येऊ दे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक टाकलेले नाहीत, पाच मिनिटं गप्प बसलेले. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. हात मांडीवर लोंबत असला तर आकडा जास्त येतो. मोजताना तूही बोलू नकोस, त्यांनाही बोलू देऊ नकोस. आणि घट्ट पोलक्याची बाही वर सरकवून तिच्यावर कफ बांधू नकोस, ती बाहीच फासासारखी आवळते. पडदा ओढ, हात बाहीतून बाहेर काढायला लाव, पदर नीट घेऊ दे. दोन मिनिटं जातील. दंड जाड असेल तर मोठा कफ माग. लहान कफने आकडा उगाच वाढतो आणि धडधाकट माणसाच्या मागे आयुष्यभराची गोळी लागते.

डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुला केलेल्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या, हातावर कफ नाही. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूला नाही. सलाईन चालू असलेल्या हातावरही नाही.

एक गंमत. हाताने हवा भरायच्या बीपीच्या यंत्रावर प्रत्येक रेघ दोन मिलीमीटरची असते. त्यामुळे १२५/७५ असा आकडा त्यावर दिसूच शकत नाही. चार्ट तपासताना मला असा आकडा दिसला की मी त्या मुलीला बोलावते आणि यंत्र आणायला सांगते. तिला तेवढ्यातच कळतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सगळ्यांना सोपा वाटतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा किती उतरतो तुला माहीत आहे. पहाटे तिकडून टेम्पोत बसून आलेल्या माणसाची बोटं गार पडलेली असतात आणि मशीन ऑक्सिजन ८४, म्हणजे फारच कमी, दाखवतं. नेलपॉलिश, गडद मेंदी यांनीही आकडा बिघडू शकतो. हात चोळून गरम कर, बोट बदल, मशीनवरची नाडी तुझ्या बोटांना लागणाऱ्या नाडीशी जुळते का ते बघ. जुळत नसेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. पण याची दुसरी बाजूही आहे: "मशीन खराब असेल" म्हणून खरा ८४ सोडून दिलेलाही मी पाहिलाय. शंका आली की पेशंटचे ओठ बघ, श्वास मोज, सिस्टरांना बोलाव.

ग्लुकोमीटरची गोष्ट खास आपल्या भागातली. फेब्रुवारीत द्राक्षाचा हंगाम, बागेतून आलेले एक काका, शुगर ३८०. मधुमेह नाही, काही लक्षण नाही. मुलगी घाबरून डॉक्टरांकडे निघाली होती. मी विचारलं, "काका, काय खात होतात?" नातवाने आणलेली द्राक्षं सोलून त्याला भरवत होते. फळाची साखर बोटाला चिकटते, रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा कुठल्या कुठे जातो. स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट निघत नाही. साबण-पाण्याने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा टोचलं, ११२. टोचताना बोटाच्या कडेला टोच, मधोमध दुखतं जास्त. आणि आकडा ७०च्या खाली आला, पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सिस्टरांना हाक मारत मारतच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची तयारी ठेव, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, पाणी नाही, नातेवाईक कितीही म्हणोत.

आता नाव. आपल्याकडे वॉर्डात एका वेळी तीन पवार आणि दोन गायकवाड निघतात. "तुम्ही पवार आजी ना?" असं विचारलंस तर कानाने कमी ऐकणारी कोणतीही आजी मान हलवेल. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचार आणि हातातल्या पट्टीवरचा नंबर बघ. कॉट नंबरवर कधीही भरवसा ठेवू नकोस, दुपारी कॉट बदललेली असते. रक्ताच्या बाटलीवर चिठ्ठी पेशंटसमोरच चिकटवायची. ट्रेमध्ये चार बाटल्या घेऊन काउंटरवर बसून नावं लिहिणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

आणि पेशंट जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत सांगायला शीक. सुरगाण्याकडची, पेठकडची माणसं, मालेगाव-सटाण्याकडची अहिराणी बोलणारी, प्रत्येकाची दुखणं सांगायची भाषा वेगळी. "जीव घाबरा होतोय", "छातीत भरून आलंय", "पोटात आग पडलीय", "हातपाय गळून गेले". पुस्तकात छातीत दुखणं लिहिलंय म्हणून तू "छातीत दुखतंय का?" विचारतेस, बाई "नाही" म्हणते, आणि तू तिला ॲसिडिटी ठरवून मोकळी. मधुमेही माणसाला आणि बायकांना हार्ट ॲटॅक नेहमी दुखूनच येतो असं नाही. नुसता घाम, नुसती धाप, नुसतं "जीव घाबरा होतोय". तू निदान करायचं नाहीस. सिस्टरांना जाऊन तसंच्या तसं सांग: "चार नंबर म्हणतात जीव घाबरा होतोय, दहा मिनिटं झाली, घामाने भिजल्यात, नाडी १०४, बीपी ९८/६०." याच्या जागी "चार नंबरला बरं वाटत नाहीये" एवढंच म्हणालीस तर सिस्टर हातातलं काम संपवून येतील.

तू दिंडोरीची, म्हणून हेही. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत फवारण्या सुरू होतात. अंगाला लसणासारखा किंवा औषधाचा उग्र वास, तोंडातून लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असा माणूस आला तर आधी ओरडून डॉक्टरांना बोलाव, आणि हातमोजे घालूनच त्याला हात लाव. कपडे काढायचे, पिशवीत बांधून बाजूला ठेवायचे, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवायचे. औषध कपड्यांत आणि कातडीवर असतं तोवर अंगात जातच राहतं. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिचा फोटो नातेवाइकाकडून मागव. "कोणतं औषध होतं?" या प्रश्नाला रडत असलेल्या घरच्यांकडून बरोबर उत्तर क्वचितच मिळतं.

पेशंट हलवायची भीती वाटते म्हणालीस. वाटायलाच हवी. ताकदीने पेशंट उचलणाऱ्या मुलींच्या कंबरा पस्तिशीत जातात. व्हीलचेअर कॉटला थोडी तिरकी लावायची, पेशंटच्या चांगल्या बाजूला. दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर. मग पेशंटला कडेला बसवून पाय खाली सोडू दे आणि मिनिट-दोन मिनिटं तसंच बसू दे. बरेच दिवस झोपून असलेला माणूस एकदम उभा राहिला तर बीपी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. "गरगरतंय का?" विचार. नाही म्हणाले तरच पुढे. तुझे पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. हात त्यांच्या कमरेभोवती. त्यांना तुझ्या मानेला मिठी मारू देऊ नकोस. "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी मिळून उठायचं. आणि तरीही पडायला लागलेच तर सावरायला जाऊ नकोस, दोघंही पडाल. त्यांना अंगाशी घे आणि तुझ्या मांडीवरून हळूच जमिनीवर घसरू दे. मग तिथेच थांबव, हाक मार, लगेच उठवून बसवू नकोस. घडलं ते लपवू नकोस. पडलेला पेशंट चार तासांनी गुंगीत गेला आणि पडल्याचं कोणाला माहीतच नाही, असं व्हायला नको.

लघवीची पिशवी हलवताना नेहमी विसरली जाते. ती पेशंटच्या पोटावर ठेवून लिफ्टमधून नेताना मी रोज बघते. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की पिशवीतली लघवी उलट आत जाते. खालीच लटकव, पण जमिनीला टेकवू नकोस.

अर्धांगाच्या पेशंटला कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला. हे एकदा स्वतःचा एक हात पाठीशी बांधून करून बघ, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. भरवताना ताठ बसव, घास तोंडाच्या चांगल्या बाजूला दे, गिळल्याची खात्री करून पुढचा. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पेंगणाऱ्या माणसाला भरवायचं नाही.

झोपून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि वेळ लिहायची. ओढायचं नाही, चादरीसकट उचलून सरकवायचं, कारण ओढल्यावर कातडी चादरीला घासते. माकडहाड आणि टाचा रोज बघ. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक, तसंच लाल राहिलं तर जखम आतून सुरू झालीय. नातेवाईक म्हणतील, "सिस्टर, जरा स्पिरिट-पावडर लावून चोळा ना." त्या जागी चोळायचं नाही. का ते त्यांना समजावून सांग, नाहीतर तू ड्युटीवरून गेल्यावर ते स्वतः चोळतील.

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवणं हे सगळ्यात साधं काम आणि सगळ्यात जास्त फसणारं. कॉटला एनबीएमची, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही अशी, पाटी लावतो आपण, ती वाचतं कोण? साधारण सहा तास खाणं आणि दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि नेमकं किती ते भूल देणारे डॉक्टर ठरवतात. आपल्या लोकांच्या लेखी चहा म्हणजे खाणं नाही. "काही खाल्लं का?" "नाही हो सिस्टर, काहीच नाही." "चहा?" "तेवढा घोटभर घेतला." म्हणून "खाल्लं का" विचारू नकोस. चहा, दूध, बिस्किट, तंबाखू, गोळी, एकेकाचं नाव घेऊन विचार. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, हे एका वाक्यात सांगितलंस की आजोबा स्वतःच थर्मास बंद करतात.

हात धुणं कोर्समध्ये शिकवलंय, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एवढंच, अंगठा आणि नखांच्या कडा राहतात. साबणाने ४० ते ६० सेकंद, हातावर घाण दिसत नसेल तर सॅनिटायझरने २० ते ३०. घड्याळ, अंगठी, देवाचा दोरा, बांगड्या, कोपराच्या खाली काही नको. नवं लग्न झालेल्या मुलींना हिरव्या बांगड्यांवरून घरी बोलणी बसतात हे मला माहीत आहे. एका मुलीच्या सासूबाईंना मी हॉस्पिटलात बोलावून बांगडीखालचा काळा थर दाखवला होता. नंतर त्यांनीच सुनेला ड्युटीला जाताना बांगड्या काढायला डबी दिली.

कचऱ्याचे रंग २०१६च्या नियमांप्रमाणे: रक्ताने भिजलेला कापूस-पट्टी पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या-ॲम्प्युल निळ्यात, सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. सुईला पुन्हा टोपण लावू नकोस. बऱ्याच सुया त्याच क्षणी टोचतात. टोचलीच तर पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि तेव्हाच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावी लागतात. "उद्या सांगते" म्हणण्यात तेच तास जातात. हेपॅटायटिस बीची लस झालीय का तुझी? तीन डोस असतात, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. नसेल तर इनचार्ज सिस्टरांकडे या आठवड्यात विषय काढ, हॉस्पिटलने द्यायला हवी.

आता इंजेक्शन. नाही द्यायचं. तुझी एसटी रोज म्हसरूळला आरोग्य विद्यापीठासमोरून जाते ना? तिथली परीक्षा देऊन बीएस्सी नर्सिंग करणाऱ्या मुली चार वर्षं शिकतात, वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेतात, तेव्हा त्यांच्या हातात सिरिंज येते. छोट्या हॉस्पिटलांत माणसं कमी असतात म्हणून असिस्टंटकडून ते काम करून घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. काही बिघडलं की मात्र नाव तुझं निघतं. पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्युल आणि पाण्याची ॲम्प्युल घाईत सारखीच दिसते. पोटॅशियम थेट शिरेत सोडलं तर हृदय बंद पडतं. त्या दिवशी तू काय सोडलंस ते तुला माहीत होतं का? लेबल वाचलं होतंस का? मला उत्तर नको, तूच आठव.

नाही कसं म्हणायचं तेही सांगते, कारण नुसतं "नाही म्हण" सांगणं सोपं असतं. "सर, मला त्याची परवानगी नाही, सिस्टरांना बोलावते, तोवर ट्रॉली लावते." एवढंच, आणि लगेच हालचाल करायची. ट्रॉली खरंच लागली, पेशंटचं नाव तपासलेलं, ऑक्सिजन जवळ आणलेला असला की डॉक्टरांचा राग अर्ध्यावर येतो. पेशंट हाक मारून उठत नाही, श्वास नाही, तर मात्र कोणाची वाट बघायची नाही. ओरडून बोलाव आणि छातीच्या मधोमध दाबायला लाग, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. त्याला परवानगी लागत नाही.

पगार झाला की गोळे कॉलनीतल्या एखाद्या सर्जिकलच्या दुकानातून ॲप्रनला पिनने लावायचं सेकंदकाट्याचं घड्याळ घे. मोबाईलवर मोजू नकोस, पेशंटला वाटतं तू व्हॉट्सॲप बघतेस. घड्याळ आणलंस की पहिल्यांदा स्वतःचा श्वास मोजून बघ. नीट जमणार नाही, लक्ष गेलं की तो बदलतो. मग संध्याकाळच्या एसटीत शेजारी कोणी खिडकीला डोकं टेकून झोपलेलं असेल, त्यांचा मोज. पूर्ण मिनिट.